जमनीचे दोन दात

रविवार, १५ जानेवारी १९६१

आज बैलानं आमच्या पोरीचे दात पाडले. खरं लिहायचं तर पोरगीच बैलावर चढली आणि दात तिनंच पाडून घेतले, पण तांड्यात सकाळपासून बैलाचंच नाव झालं आहे. हरण्या बिचारा गोठ्यात उभा आहे आणि येणारा-जाणारा त्याला शिव्या घालून जातो.

झालं असं. जमनीचं लग्न चैत्रात ठरलं आहे, घाटंजीकडच्या तांड्यात, धरमसिंगशी. आमच्या गोर बंजारा लोकांत नवरी सासरी निघताना सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि बापाच्या घराला आशीर्वाद देत गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. अख्खा तांडा खाली उभा राहून ऐकतो, आणि कोणाची हवेली कशी झाली हे बाया म्हाताऱ्या होईपर्यंत सांगतात. आता बाकीच्या पोरी ऐनवेळी चढतात, चौघं धरून ठेवतात, निभून जातं. पण ही पडली मास्तरची पोरगी! परीक्षेच्या आधी सराव पाहिजे, हे मीच तिला चौथीपर्यंत घोकून घेतलेलं. मी अंघोळीला गेलेला पाहून ही गोठ्यात शिरली, हरण्याच्या पाठीवर चढली, हात वर केले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हरण्याच्या पाठीवर माशी बसली. त्यानं अंग झटकलं. पोरगी थेट गव्हाणीच्या लाकडावर.

वरचे समोरचे दोन दात अर्धे तुटले. जमनीनं तुकडे मुठीत धरून आणले आणि म्हणाली, "बापू, हे चिकटत नाईत का?"

तिची याडी, म्हणजे आई, सुखीबाई रडायला लागली. मी रडलो नाही. घरात कोणीतरी शिकलेलं माणूस असावं लागतं.

मंगळवार, १७ जानेवारी

घरी आम्ही गोर बोलीत बोलतो, पण मला लिहायला मराठीच सोपी जाते. शाळेतली सवय.

आज मोतीबाई आली. तांड्यातली सगळ्यांत जुनी बाई. नवरी मुलींना ढावलो तीच शिकवते. ढावलो म्हणजे लग्नात एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायची गाणी. तिनं जमनीच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि निकाल दिला, "सोन्याचे बसव मास्तर. पोरगी हसली का सासरच्याईले सोनं दिसंन."

जमनी फडकीचा पदर तोंडावर ओढून म्हणाली, "मले हसाचंच नाई."

हसायचं नाही ठीक आहे. पण ती गायलाही तयार नाही. मोतीबाई सुरू करते आणि ही तोंड मिटून नुसती हुं-हुं करते. हवेलीला हुं-हुं चालते का? हात वर, तोंड उघडं, समोर दोन तांडे.

धरमसिंगकडे निरोप पाठवला. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. त्याचं उत्तर आलं, "बैलाले लागलं तं नाई ना?" मला हा पोरगा जरा आगाऊ वाटतो. जमनी मात्र पदराआड किती तरी वेळ फुसफुसत होती. ती हसत होती की काय, कळलं नाही.

रविवार, २२ जानेवारी

यवतमाळला दातांचे डॉक्टर आहेत, खानझोडे. रविवारी सकाळी खेड्यातल्या लोकांसाठी बसतात. दिग्रसहून पहिली मोटर धरली. दारव्ह्याला मोटर थांबते तिथं गरम भजी मिळतात. जमनीनं बाजूच्या दातांनी एक भजं खाल्लं. वाफेनं दात झोंबले, वाऱ्यानं झोंबले, पाण्यानं तर ती उडालीच.

यवतमाळात उतरल्यावर मात्र पोरगी दुखणं विसरली. दुकानांच्या पाट्या वाचत चालली, पदराआडून, पण एकही सोडली नाही. जोडाक्षर अडलं की माझ्याकडे पाहायची. असं आम्ही दोघं कुठं गेल्याला फार वर्षं झाली.

खानझोडे डॉक्टर उंच, बारीक, कमी बोलणारा माणूस. मला कमी बोलणारी माणसं पटत नाहीत. त्यानं इवलासा आरसा तोंडात घातला, दात ठोकले, वारा फुंकला, आणि जमनी खुर्चीतून हातभर उठली.

"नस जिवंत आहे. नशीब," डॉक्टर म्हणाले. "टोप्या बसवू."

दाताला टोपी म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं ते असं. उरलेला दात चहूबाजूंनी घासून खुंटीएवढा करायचा, त्याचा साचा घ्यायचा, साचा नागपूरला पाठवायचा, तिथून चिनी मातीची टोपी दाताच्या आकाराची होऊन येते, ती खुंटीवर पक्की बसवायची.

"म्हणजे जो उरला आहे तोही घासायचा?" मी विचारलं.

"जागा केल्याशिवाय टोपी बसेल कुठं?"

तेही खरंच. पागोट्यावर पागोटं कोण बांधतं?

"चिनी माती म्हणजे कपबशीचीच?"

"त्याच घराण्यातली."

जमनी पहिल्यांदा बोलली. "मंग पडली तं फुटंन?"

"बैलावरून पडलीस तर फुटेल," डॉक्टर म्हणाले. बैलाचं त्यांना कसं कळलं म्हणावं, तर बाहेर बाकावर बसल्या-बसल्या मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

सोन्याची टोपीही मिळते म्हणाले. जमनीनं मान हलवली. मोतीबाईला काय सांगायचं ते मी पाहीन.

रविवार, ५ फेब्रुवारी

आज घासले. हिरडीत सुई दिली, ओठ आणि नाक बधिर झालं. मग शिवणयंत्रासारखं पायानं चालवायचं यंत्र आलं. त्याचा आवाज ऐकून मी जमनीचा हात धरला. म्हणजे धीर द्यायला. थोड्या वेळानं शिंग जाळल्यासारखा वास सुटला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही खाली बसा." मी खाली बसलो. कंपाउंडरनं पाणी दिलं, मला. पोरगी आ करून शांत पडली होती.

मग मऊ गरम गोळा दातांवर दाबून साचा घेतला. नंतर डॉक्टरांनी एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीनं दात लावलेले, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत, बांगडीवाल्याकडे नमुने असतात तसे. मी सगळ्यांत पांढरा निवडला. डॉक्टर नाही म्हणाले. शेजारच्या दातांना शोभला पाहिजे, नाहीतर दोन दात गावभर ओरडत फिरतील. माझा हिरमोड झाला. लग्न आहे, उजळ नको का?

नागपूरहून येईपर्यंत तात्पुरत्या टोप्या बसवून दिल्या. आणि बजावलं की बधिरपणा उतरेपर्यंत काही चावायचं नाही, ओठच चावला जातो.

दारव्ह्याला नुसता चहा घेतला. पोरीला ओठ कुठं आहे तेच कळेना. चहा हनुवटीवरून थेट अंगातल्या काचळीवर. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि दोघं असे हसत सुटलो की कंडक्टर पाहायला लागला. पदर तोंडावर ओढायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. भजी घेतली होती ती मीच संपवली. तिच्या वाटची वाया कशाला घालवायची.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आज सकाळपासून एकच तक्रार, जीभ तिथं जाते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. नवी वस्तू तोंडात आली की जिभेला चैन पडत नाही, "स" म्हणताना शिट्टी वाजते, थंड-गरम झोंबतं, आणि मग आठवड्यात सगळं विसरायला होतं. ऊस, बोरं, सुपारी समोरच्या दातांनी फोडायची नाही. सध्या ज्वारीची भाकरीसुद्धा चुरून.

सुखी म्हणते, "एवढं तं बाळंतिणीलेबी जपत नाई कोनी."

रविवार, १९ फेब्रुवारी

टोप्या बसल्या!

आधी नुसत्या ठेवून पाहिल्या, निळा कागद चावायला दिला, जिथं निळा डाग पडला तिथं किंचित घासलं. मग आतून कालवलेला मसाला भरून दाबून धरल्या. डॉक्टरांनी आरसा हातात दिला. जमनी किती वेळ पाहत राहिली. मग आरशाकडे पाहून हळूच म्हणाली, "अ, आ, इ, ई." माझी विद्यार्थिनी. मी खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं, खोलीत औषधांचा वास फार होता.

मला डावा दात जरा पिवळट वाटतो. डॉक्टर म्हणाले, खिडकीचा उजेड आहे. मी घरी येऊन चांगल्या उजेडात पाहिला. पिवळटच आहे.

रविवार, २६ फेब्रुवारी

दाखवून आणला. डॉक्टर म्हणतात दात उत्तम आहे. जमनीही म्हणते उत्तम आहे. पण रंगाची पारख सगळ्यांना नसते.

दारव्ह्याला भजी, दोघांनीही. यवतमाळात नवीन पाट्या सापडल्या. जमनी आता "विश्रांतिगृह" एका दमात वाचते.

शुक्रवार, ३ मार्च

धुळवड. बायांनी रंग खेळून फेर धरला, जमनीही गायली. आवाज काय लागला पोरीचा! पण पदर तोंडावरच. एका हातानं टाळी, दुसऱ्या हातानं पदर. मोतीबाईनं दोनदा ओढून काढला, हिनं दोनदा परत घेतला.

म्हणजे दातात काहीतरी कमी आहेच. मी म्हणत नव्हतो? पुन्हा दाखवलं पाहिजे.

रविवार, १२ मार्च

मी डॉक्टरांना म्हटलं, डावा दात उजव्यापेक्षा तीळभर लांब वाटतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जमनीकडे पाहिलं. जमनी खुर्चीत बसली आणि तिनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी पाय मारून यंत्र थोडा वेळ फिरवलं, दाताजवळ नेलं, परत ठेवून दिलं. आज वासही आला नाही.

"आता पाहा, मास्तर."

फरक लगेच दिसला. मी म्हणतच होतो.

तरीही माझ्या मनात आलं की घाई नको. दात मुरायला वेळ द्यावा. मी सुचवलं की लग्न दिवाळीनंतर ठेवलं तर दातांच्या दृष्टीनं बरं पडेल, तुम्ही तसं सांगा, म्हणजे आम्हाला पाहुण्यांना कळवता येईल. डॉक्टर किती तरी वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "माझ्या थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा मी घराला तीनदा रंग दिला होता."

आता दाताच्या गोष्टीत घराचा रंग कुठून आला? कमी बोलतो आणि बोलतो तेही असं. मी हो हो म्हणून निघालो.

परतीच्या मोटरीत जमनी खांद्यावर डोकं टेकून झोपली. लहानपणी बैलगाडीत झोपायची तशी. दिग्रस आलं तरी मी उठवलं नाही, कंडक्टरनं उठवलं.

सोमवार, १३ मार्च

दिवाळीचं सुखीच्या कानावर घातलं. तिनं पोळपाट खाली ठेवला. "अवो, दात बसले. लग्न चैत्रातच व्हइन. बैलावर पोरगी चढाची हाये, तुमी नाई."

"पण तोंड झाकते ना ती!"

"ते तिचं ती पाहीन. तुमचं तुमी पाहा."

माझं काय पाहायचं? माझे दात ठणठणीत आहेत.

रविवार, ९ एप्रिल

उद्या पोरगी निघणार. मांडव भरला आहे, हरण्याची शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली. धरमसिंगनं आल्याबरोबर आधी बैलालाच नमस्कार केला. पाहुणे हसले. मीही थोडा हसलो. पोरगा अगदीच वाईट नाही.

संध्याकाळी जमनी माझ्याजवळ येऊन बसली. बोटांवर हळद, तोंडावर पदर. म्हणाली, "बापू, एक इचारू? हात वर केले का तोंड कायनं झाकू?"

एवढंच होतं. जानेवारीपासून एवढंच होतं. आणि मी रंग पाहत बसलो, लांबी पाहत बसलो. पोरीला दातांची लाज राहिलीच नव्हती, सवय राहिली होती. आणि त्यात भर बैलावरून पडण्याची भीती.

मी म्हटलं, "हरण्याची वेसण मी धरतो. तो हलनार नाई."

"अन् माशी बसली तं?"

"माशी मी पाहीन."

ती हसली. पदर होता, पण डोळ्यांवरून कळतं.

मंगळवार, ११ एप्रिल

काल लिहिता आलं नाही.

निघायच्या आधी ती एकेकाच्या गळ्यात पडली. मोतीबाई, याडी, मावश्या. सगळ्यांत शेवटी मी. ढावलो म्हणत माझा खांदा भिजवला, आणि मधेच सूर तसाच ठेवून कानाशी हळू म्हणाली, "बापू, दात पक्के हायेत. आता नोका पाहू." बाकीच्यांना वाटलं गाण्यातलंच आहे.

मग ती हरण्यावर चढली. मी वेसण धरली. खाली दोन तांडे. तिचा उजवा हात पदराकडे गेला. तिथंच थांबला. मी हरण्याच्या नाकाशी तोंड नेऊन म्हटलं, बाबा, आज नको. आणि वर पाहिलं तर दोन्ही हात आभाळात होते.

काय गायली पोरगी! बापाचं घर भरलेलं राहो, गोठा भरलेला राहो, म्हणत गेली आणि तोंड एवढं उघडं की डॉक्टरांना खुर्चीत कधी दिसलं नसेल. हरण्यानं कानसुद्धा हलवला नाही. माशा होत्या, माझ्याच कपाळावर बसल्या होत्या, मी हात सोडला नाही.

मी ठरवलं होतं की उन्हात डावा दात नीट पाहून घेईन. एवढा उजेड पुन्हा मिळणार नव्हता. पण दात पाहायचे राहूनच गेले. मला काहीच दिसत नव्हतं. मी रडत होतो, शाळेच्या सगळ्या पोरांसमोर, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

धरमसिंग शेवटी जवळ आला. "मामाजी, दोर सोडा. मी धरतो." बोटं आवळून बसली होती, त्यानं एक-एक करून सोडवली.

शुक्रवार, १४ एप्रिल

काही विशेष नाही. परवा रविवार आहे. यवतमाळला काही काम नाही.

रविवार, २१ मे

जमनी आणि धरमसिंग चार दिवस राहून गेले. अंगानं जरा भरली आहे. पदर आता डोक्यावर असतो, तोंडावर नाही. भाकरी करकरीत खाते, चुरत नाही. मी दातांचा विषय काढला नाही. काढू नको असं तीच म्हणाली होती.

काल निघायची बांधाबांध चालली होती. सुखी डबा भरत होती, मी उगीच शाळेचं कुलूप पाहून येतो म्हणून उठलो होतो. जमनी सगळ्यांसमोर म्हणाली, "बापू, डावा दात जरासा हालते."

मी तिला उजेडाला नेलं. अंगठ्यानं दाबून पाहिला, पुढे, मागे. खांब रोवल्यासारखा. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनं पापणी हलवली नाही, हरण्यासारखी उभी राहिली.

"हालते," मी म्हटलं. "चांगलाच हालते. दाखवावा लागन."

सुखी डब्याचं झाकण लावत म्हणाली, "यवतमाळ तं वाटेवरच हाये त्याईच्या. तुमीबी जा." आणि माझाही डबा काढला.

आज तिघं निघालो. दारव्ह्याला भजी झाली. शेजारच्या बाईनं जमनीला एक कैरी दिली, तर पोरीनं ती समोरच्या दोन दातांनी कर्रकन तोडली.

मी म्हटलं, "अवं, दात हालते ना तुहा?"

"आज रविवार हाये, बापू," ती कैरी चावत म्हणाली. धरमसिंग खिडकीबाहेर कापसाची रिकामी वावरं पाहत होता. कान लाल झाले होते त्याचे, हसू दाबून.

खानझोडे डॉक्टरांनी आरसा घातला. ठोकलं. वारा फुंकला. निळा कागद चावून घेतला. मग आरसा पुसत बसले, फार वेळ. मला वाटलं आता हा माणूस म्हणणार की दात उत्तम आहे, पुन्हा येऊ नका.

"घाटंजीहून किती लांब पडतं?" त्यांनी जमनीला विचारलं.

"लांब नाई जी."

"आणि तुम्हाला दिग्रसहून?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"मग असं करा. अशा दाताला महिन्याच्या महिन्याला पाहावं लागतं. ती तिकडून येईल, तुम्ही इकडून या. मास्तर, तुम्ही नसलात तर मी तपासणार नाही. रंगाची पारख तुम्हाला आहे."

मोठा जाणता डॉक्टर. पहिल्या दिवशी मला हा माणूस का पटला नव्हता कोण जाणे. जूनचा दुसरा रविवार ठरला आहे.